एक डोकं, चार डबे

३ मार्च, सोमवार

मामांच्या ऑफिसात आज पहिल्यांदा दिवसभर बसलो. अशा जागेत माणसं वर्षानुवर्षं बसतात आणि वेडी होत नाहीत, याचं नवल वाटलं.

मामा म्हणजे नानासाहेब, आईचे सख्खे भाऊ. गारखेड्यात एका औषधाच्या दुकानावर दोन खोल्या, हेच त्यांचं ऑफिस. शेंद्र्याच्या कारखान्यांना माणसं पुरवणारे ठेकेदार आहेत, त्यांच्या कामगारांचे पगार, पीएफ, विमा यांची सगळी भरणी इथं होते. त्यासाठी चार कॉम्प्युटर आहेत. एक चालू करताना त्याच्या कुशीत चापट मारावी लागते. दुसरा मधेच झोपतो, त्याला कुणी उठवत नाही, तोवर चहा पितात.

मामा म्हणाले, "सुयश, तू पुण्याला एवढं मोठं काम करतो. ह्या डबड्यायचं बघ ना काहीतरी. नवे घ्यायचे म्हणलं तर लई महाग पडतंय."

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मी इथं आहे. निशा, माझी बायको, पुण्यात आहे, तिची नोकरी तिथं. मी इथून ऑनलाइन काम करतो अशी तिची समजूत आहे. कंपनीनं मला काढलं असं म्हणणं चूक ठरेल. नोव्हेंबरात त्यांनी जी माणसं ठेवून घेतली ती बघता, न ठेवलेल्यांत असणं हा मानच आहे. निशाला योग्य वेळी सांगेन. ती उगाच घाबरते.

मामांना म्हटलं, बघतो. रिकाम्या वेळात करण्यासारखं काम आहे. पाय झोपल्यावर झटकावा, तेवढ्या मेहनतीचं.

६ मार्च, गुरुवार

मामांना योजना समजावली. थिन क्लायंट. सगळं डोकं एकाच मशीनमध्ये, म्हणजे सर्व्हरमध्ये. बाकी टेबलांवर नुसता पडदा, कीबोर्ड, माउस आणि तळहाताएवढा एक डबा. डब्यात स्वतःचं काहीही नसतं. काम सर्व्हरवर चालतं, टेबलावर फक्त त्याचं चित्र दिसतं. स्वस्त, टिकाऊ, आणि कुणी काही बिघडवू शकत नाही.

"म्हंजे टेबलावरचा डबा मेला तरी काम जात नाय?"

"नाही जात."

"मंग करून टाक."

एवढीच चर्चा. पुण्यात या निर्णयाला तीन महिने आणि दहा मीटिंगा लागल्या असत्या. अडाणीपणाचेही फायदे असतात.

आता माणसं. तीनच आहेत.

राजनंदिनी, तिशीची. पडद्यावर बाळाचा फोटो, बाळाच्या नाकावर फायलींची चिन्हं. तिची खुर्ची तिच्या टेबलाशी कधीच नसते. सरकवत सरकवत मंजुषाताईंच्या टेबलाला नेऊन लावते आणि मग दोघी मोठ्यानं आकडे वाचत बसतात. फरशीवर चाकांचे ओरखडे पडलेत, एवढी ही रोजची वहिवाट.

धम्मपाल, चाळिशीचा. बँक, विमा, पीएफ अशा बाहेरच्या खेपा त्याच्याकडे. बोलतो कमी, आणि जे बोलतो त्यात आपली टिंगल आहे का नाही ते कळत नाही.

आणि मंजुषाताई. पन्नाशी ओलांडलेल्या, टाइपरायटरच्या काळापासून इथं आहेत. मी शाळेत असताना मामांकडे यायचो तेव्हा त्या मला गोळ्या द्यायच्या, त्या भांडवलावर अजून "अरे सुयश" म्हणतात. त्यांच्याइतकी गर्विष्ठ बाई मी पाहिली नाही. बोलताना आपल्याकडे बघत नाहीत. आपल्या कानापलीकडे भिंतीकडे बघून बोलतात, जणू आपण तिथं नाहीच. पडदा ओढून नाकाशी आणलेला, अक्षरं एवढी मोठी की सगळ्या पडद्यावर एक नाव मावतं. मी म्हटलं, "ताई, हे काय बसचे बोर्ड रंगवताय का?" त्या हसल्या. भिंतीकडे बघून.

१७ मार्च, सोमवार

सामान आलं. सर्व्हरला थंडावा लागतो, आणि ऑफिसात एसी एकच, मामांच्या केबिनमध्ये. म्हणून सर्व्हर केबिनमध्ये आणि मामा बाहेर कूलरसमोर. मामांनी निमूटपणे खुर्ची उचलली. ज्याला मशीनचं महत्त्व पटतं अशा माणसाबद्दल मला आदर वाटायला हवा, पण ते बाहेर बसले आणि पाच मिनिटांत राजनंदिनीला बाळाच्या दातांबद्दल विचारत होते. म्हणजे त्यांना फक्त गप्पांना माणूस मिळाला.

गल्लीत आज नळाला पाणी आलं म्हणून सगळे उशिरा. या शहरात पाणी आठवड्यानं येतं आणि माणसं त्याच्याभोवती जन्म काढतात. मला हे विसरायला झालं होतं. विसरलेलंच बरं होतं.

२१ मार्च, शुक्रवार

सगळं चालू केलं. बाराला सगळं बंद पडलं. चारही पडदे एकदम काळे.

राजनंदिनी म्हणाली, "सर, आधी एक बंद पडायचा तर तीन चालायचे."

तिला एकाच वाक्यात गप्प केलं असतं, पण कारण सापडेना. शेवटी सगळ्या वायरी जिथं जमतात ती पेटी तापलेली निघाली. ती मीच स्वस्तातली आणली होती, पण दोष पेटीचा नाही, उन्हाचा आहे. आणि पत्र्याखाली ऑफिस थाटणाऱ्यांचा. धम्मपाल जाऊन दुसरी पेटी घेऊन आला. मी न सांगता चांगली आणली. "सर, दुकानदार म्हणला आधीची शाळेतल्या प्रदर्शनाला नेतेत," एवढं म्हणाला.

धम्मपालबद्दल वर लिहिलंय ते हेच. कळत नाही.

२६ मार्च, बुधवार

आता सगळं सुतासारखं सरळ. पडदे भिंतीला लोखंडी पट्टीनं पक्के केले, टेबलं मोकळी झाली. सगळ्यांना एकच करडा रंग, एकच अक्षर, एकच मांडणी. बाळ गेलं. कुणाला काही बदलता येत नाही. आणि ज्याचं काम त्यालाच उघडतं. राजनंदिनीला मंजुषाताईंच्या फायली दिसत नाहीत, त्यांना हिच्या नाहीत. शिस्त अशी मशीनमधून आणावी लागते, माणसांना सांगून येत नाही.

दुपारी मंजुषाताई केबिनच्या दारात आल्या. चौकटीला हात लावून उभ्या.

"सुयश, माझं अक्षर तेवढं मोठं करून दे ना."

"सगळ्यांना सारखं आहे, ताई."

"मग पडदा तरी काढ भिंतीवरून. पुढं घेता येत नाही."

"सवय होईल."

"आणि राजनंदिनीला माझं उघडत नाही म्हणते ती."

"उघडायला नकोच आहे. तुमचं काम तुम्ही करा, तिचं ती करेल."

थोडा वेळ त्या उभ्या राहिल्या, माझ्या डोक्यावरच्या कॅलेंडरशी बोलल्यासारख्या. "बरं," म्हणाल्या आणि गेल्या. एकाला सूट दिली की उद्या बाळ परत येईल, परवा अक्षरं परत बसच्या बोर्डाएवढी होतील. पुण्यात एका माणसाला अशीच सूट दिली होती आणि तोच नोव्हेंबरात माझ्या खुर्चीत बसला.

३ एप्रिल, गुरुवार

सर्व्हरवर बसलं की चारही पडदे मला दिसतात. कोण काय करतं ते. हे मी कुणाला सांगितलं नाही, पण लपवलंही नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

राजनंदिनी काम भराभर उरकते आणि मग बाळाच्या टोप्या बघते. धम्मपालचा पडदा बहुतेक वेळ रिकामा, कारण तो बाहेर. मामा रोज एकच फाईल उघडतात आणि बंद करतात, बहुधा सगळं चालू आहे याची खातरजमा म्हणून.

मंजुषाताईंचा पडदा मात्र बघण्यासारखा आहे. माउसचा बाण जत्रेत चुकल्यासारखा फिरतो. बटण समोर असतं, बाण त्याच्यावरून जातो, खाली जातो, कोपऱ्यात जाऊन थांबतो, परत वर येतो. एक नाव भरायला एवढा वेळ लागतो की मी तेवढ्यात चहा पिऊन येतो. इतकी वर्षं या बाईला मामांनी का ठेवलं असेल? आता मला दिसतंय, कुणाला तरी दिसायला हवंच होतं. मी पडद्यांचं चित्रण जपून ठेवायची सोय चालू केली आहे. पुढंमागं लागलं तर.

११ एप्रिल, शुक्रवार

खुर्च्या जागेवर. ओरखडे वाढलेले नाहीत. ऑफिस एवढं शांत की कूलरचं पाणी ऐकू येतं. मामा म्हणाले, "लई सुतक पडल्यावानी वाटतंय रे." त्यांना गोंगाट म्हणजे काम वाटतं.

मंजुषाताई दुपारी जेवत नाहीत, तेव्हाही पडद्याशीच असतात. खुर्ची सोडून उभ्या राहतात, भिंतीजवळ तोंड नेतात आणि मान वाकडी करून तिरकं बघतात. मला हे पडद्याशी भांडण काढल्यासारखं वाटतं. म्हणे मान दुखते.

धम्मपाल केबिनमध्ये आला. "सर, ताईंचं अक्षर तेवढं मोठं करून द्या."

"कशाला?"

तो दाराबाहेर ताईंकडे बघून म्हणाला, "वय झालं म्हणून समजा."

"वय झालं तर घरी बसावं."

"व्हय," तो म्हणाला. "काही काही लोक बसतेतच की घरी." आणि गेला. परत तेच. कळत नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

काल सुट्टी होती, धम्मपाल आज आवाज बसलेला घेऊन आला. रात्रभर जयंतीच्या मिरवणुकीत होता.

निशाचा सकाळी व्हिडिओ कॉल. मी हेडफोन लावूनच बसलेलो असतो. ती म्हणाली, "एवढ्या सकाळी काम?" मी म्हटलं, "अमेरिकेची टीम आहे." ती म्हणाली, "थकलेला दिसतोस." मग म्हणाली, "घरभाडं वाढवलंय त्यांनी, आपण बोलू या एकदा." मी म्हटलं, मीटिंग आहे. हेडफोनमध्ये कुणीही नसताना माणूस किती गंभीर दिसू शकतो हे मला आता माहीत आहे.

२२ एप्रिल, मंगळवार

आज एक बाई येऊन दारातच बसली. सारजाबाई. नवऱ्याचं नाव कारभारी, शेंद्र्याला प्रेस मशीनवर कामाला. काल त्याचा हात सापडला. मुकादमानं विम्याच्या दवाखान्यात नेलं, तिथं मलमपट्टी केली, पण भरती करायला विमा नंबर लागतो, आणि त्याच्या नंबरावर भलत्याच माणसाचा फोटो निघाला. पैठणकडचा दुसरा एक कारभारी. दोघं एकाच आठवड्यात लागले होते. याचा नंबर त्याला, त्याचा याला. भरणी आमच्या ऑफिसची.

"माझा माणूस बाकड्यावर झोपलाय," ती म्हणत होती. "कागद नीट करून द्या, तवर म्या उठत नाय."

मी तिला सांगितलं की आत ऑफिसचं काम चालू आहे, खाली दुकानाशी जाऊन बसा. ती म्हणाली, "तुमी करा की काम. म्या कुठं नाय म्हणती?" आणि जागची हलली नाही. लोकांना उंबरठा म्हणजे धर्मशाळा वाटते.

मामांनी तिला आत घेतलं, पाणी दिलं, धम्मपालला लगेच दवाखान्यात पिटाळलं. मंजुषाताई आपल्या जागी बसून होत्या. हात मांडीवर, पडदा चालू. "कारभारी," त्या एकदा म्हणाल्या. "दोघंही कारभारीच होते."

मी चित्रण उघडून बघितलं. सापडलं. अगदी स्वच्छ.

२३ एप्रिल, बुधवार

हे लिहायला बसलो आणि दोनदा उठलो.

सकाळी ठेकेदार काकासाहेब आले, ज्यांच्याकडे कारभारी आहे ते. केबिनमध्ये, उभ्यानंच. "नानासाहेब, चूक कुणाची हाय तेवढं सांगा. माझ्यावर मजूर लोक चढून राहिले."

मामा म्हणाले, "चूक ऑफिसची हाय. धम्मपाल कालपासून तिथंच हाय, आज होतंय."

मी म्हटलं, "ऑफिसची म्हणजे सगळ्यांची झाली. सांगतो कशाला, दाखवतोच."

मामांनी नाही म्हटलं होतं का? मला वाटतं त्यांनी हात वर केला होता. केबिनच्या भिंतीवर मामांचा जुना टीव्ही आहे, मी त्याला वायर जोडली. राजनंदिनी आणि मंजुषाताईंना बोलावलं. मंजुषाताईंना मी पुढं उभं केलं, टीव्हीपासून हातभरावर, सगळ्यांना दिसावं आणि त्यांनाही दिसावं म्हणून.

चालू केलं. करडा पडदा. दोन ओळी, कारभारी आणि कारभारी. बाण खालून आला, पहिल्या ओळीवरून गेला, परत फिरला, कडेला थांबला. बराच वेळ थांबला. मग दुसऱ्या ओळीत शिरला, तिथं पहिल्याचा नंबर पडला. पुसला. परत पडला. मग बाण गोल गोल फिरायला लागला, सेव्हचं बटण हुडकत. बटण तिथंच होतं. कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं काकासाहेब तरी हसतील.

राजनंदिनी म्हणाली, "सर, बंद करा ते." रडत होती.

तेवढ्यात मंजुषाताई म्हणाल्या, "काय चाललंय? काय दाखवतोय सुयश? मला सांगा ना कुणीतरी."

टीव्ही त्यांच्या तोंडासमोर होता. त्या दाराकडे बघत होत्या.

शेवटी राजनंदिनीच म्हणाली, "ताई, तुमचा माउस आहे. तुम्ही नंबर भरताय ते."

"अस्सं," त्या म्हणाल्या. साडीचा पदर नीट केला. "काकासाहेब, व्हय, मीच भरला. मला समोरचं दिसत नाही. कडेचं दिसतं, मधलं नाही. डोळ्याच्या मागच्या पडद्याचं दुखणं आहे, डॉक्टर म्हणाले परत यायचं नाही. आधी राजनंदिनी वाचायची, मी भरायचे, ती परत तपासायची. आता तिला माझं उघडत नाही. मी जमवायला बघितलं. नाही जमलं."

ते आकडे, ती खुर्ची, ते मोठ्यानं वाचणं. त्या गप्पा नव्हत्या.

काकासाहेब म्हणाले, "मंग आंधळ्या माणसाला कामाला ठिवलं कशाला?"

मामा उठले. मी मामांचा आवाज चढलेला कधी ऐकला नव्हता आणि आजही चढला नाही. "इथं कुणाला ठेवायचं ते माझ्याकडं आहे, काकासाहेब. तुमच्या माणसाचं काम आज होईल. पटत नसलं तर तुमचं सगळं काम दुसरीकडं न्या."

ते गेले. राजनंदिनी ताईंना बाहेर घेऊन गेली. मी वायर काढत होतो, ती निघेना.

मी म्हटलं, "मामा, सांगायला काय झालं होतं त्यांना? मला स्वप्न पडणार होतं का? एका शब्दानं सांगितलं असतं तर..."

"तू सांगितलं का निशाला?"

मी वायर सोडून दिली.

"तुम्हाला कुणी..."

"सगळ्यायला माहीत हाय, बाबा. तुझ्या आईनं मला सांगितलं, म्या इथं सांगितलं. पोराची नोकरी गेलीय, त्याला कुणी काही इचारू नका म्हणलं. मंजुषाताईच म्हणल्या, मशीनचं काम द्या त्याला. हात चालू राहिले म्हंजे माणूस सावरतो."

म्हणजे मार्चपासून मी यांच्यासमोर पुण्याचा मोठा माणूस म्हणून बसलो होतो आणि हे तिघं माझ्याकडे बघत होते. चहा देत होते. सर म्हणत होते. मला त्यांचा राग यायला हवा होता, तो शोधत बसलो. इतकी वर्षं ज्या सहजतेनं येत आला, त्या सहजतेनं आलाच नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

धम्मपालचा सकाळी फोन. नंबर बदलायला ऑफिसच्या माणसाची सही हवी, प्रत्यक्ष हजर राहून. मामांना रक्तदाब, त्यांना उन्हात नेणं शक्य नव्हतं. मंजुषाताई म्हणाल्या, "मी जाते. चूक माझी आहे." मामा माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, गाडी काढतो.

मागं सारजाबाई आणि ताई. मी आरशातून बघत होतो. थोडं अंतर गेलो नाही तोच सारजाबाई म्हणाली, "बाई, तुमच्या डोळ्याला काय झालं?"

परवा आलेली बाई. मी महिनाभर त्यांच्या पडद्यात डोळे घालून बसलो होतो.

"मधलं दिसत नाही," ताई म्हणाल्या.

"मंग माझं त्वांड दिसतंय का?"

"कडेनं बघितलं की दिसतं. भिंतीकडं बघितलं की समोरचा माणूस थोडा थोडा दिसतो."

सारजाबाई म्हणाली, "मंग बघा भिंतीकडं. मला नाय राग येत."

दवाखान्यात पायऱ्यांशी ताईंनी न विचारता माझा कोपर धरला. त्यांच्या हाताला वजनच नव्हतं. "बोर्ड वाच," म्हणाल्या. मी वाचत गेलो. अपघात विभाग. औषधं. थुंकू नये. "थुंकू नये नको वाचू," म्हणाल्या, "ते मला पाठ आहे."

खिडकीतल्या माणसानं विचारलं, "चूक कशी झाली? कारण लागतं."

ताईंनी तोंड उघडलं. मी आधी बोललो. "नवीन सिस्टिम बसवली. ती बसवताना झाली. मी बसवली."

"नाव?"

सांगितलं.

"हुद्दा?"

नोव्हेंबरपर्यंत माझा हुद्दा चार इंग्रजी शब्दांचा होता. ताई माझ्या कानापलीकडे बघत म्हणाल्या, "लिहा, मशीन बघतो म्हणून." त्यानं लिहिलं. मी सही केली.

कारभारीला दुपारी भरती केलं आणि लगेच आत नेलं. दोन बोटांचे शेंडे गेले. डॉक्टर म्हणाले, त्याच दिवशी भरती केलं असतं तरी ते वाचले नसते. खरं होतं की आमच्याकडे बघून म्हणाले, हे मला कधीच कळणार नाही. सारजाबाईनं ते ऐकलं आणि त्याची चप्पल पिशवीत घातली. मी तिला काहीतरी सांगायला गेलो, माफी वगैरे. ती म्हणाली, "आता जा तुमी. त्याला उठल्यावर म्या लागंन."

येताना गाडीत ताई म्हणाल्या, "खोटं बोललास तिथं."

"पूर्ण नाही."

"नाही," त्या म्हणाल्या. "पूर्ण नाही."

२८ एप्रिल, सोमवार

रविवारी ऑफिस उघडून बसलो आणि ताईंच्या पडद्याची अक्षरं मोठी केली. काळ्यावर पिवळी. पट्टी उचकटून पडदा पुढं घेतला. आज त्या बसल्या, मान तिरकी करून बघितलं, आणि म्हणाल्या, "छान झालंय. पण हे मी मार्चमध्ये मागितलं होतं, सुयश. तेव्हा पुरलं असतं. आता नाही पुरत."

आणि उठून राजनंदिनीच्या टेबलाशी जाऊन बसल्या. राजनंदिनीनं खुर्ची आधीच सरकवून ठेवली होती.

म्हणून दोघींचं काम एकाच ठिकाणी उघडेल असं केलं. एक वाचते, एक ऐकते आणि चुका पकडते. नियमानं बघितलं तर हे चूक आहे, कुठल्याही शिकलेल्या माणसाला दाखवायची लाज वाटेल. पडद्यांचं चित्रण बंद केलं आणि जे होतं ते पुसून टाकलं. मग बाहेर येऊन तिघांना सांगितलं की ते होतं, आणि मी बघत होतो.

धम्मपाल म्हणाला, "माहीत होतं, सर."

"कसं?"

"तुम्ही केबिनमधून बाहेर आले की राजनंदिनीला टोप्यांवरून बोलायचे." 

या वेळी कळलं.

मामांना खुर्ची परत केबिनमध्ये न्या म्हटलं, एसीत दोघं मावतात. ते म्हणाले, "नको. बाहेर लई बरं हाय."

४ मे, रविवार

निशाला फोन केला. व्हिडिओ नाही, साधा. हेडफोन न लावता.

नोकरीचं आधी सांगितलं, एका वाक्यात. मग ती म्हणाली, "कधी?"

"नोव्हेंबर."

"नोव्हेंबर," ती म्हणाली. "आणि अमेरिकेची टीम?"

"नव्हती."

ती ओरडेल म्हणून मी थांबलो. ओरडली असती तर मला उत्तरं तयार होती. कंपनीबद्दल, तिथल्या माणसांबद्दल, सगळी पाठ. तिनं फक्त विचारलं, "मग तू इतके दिवस तिथं करत काय होतास?"

मी सांगायला लागलो. तिला वाटलं असेल आता कारणं येतील. मी मंजुषाताईंचं सांगितलं. अक्षर, भिंत, खुर्ची. टीव्ही कसा जोडला ते, त्यांना पुढं कसं उभं केलं ते, त्या काय म्हणाल्या ते. मधे काही गाळलं नाही.

निशानं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "त्या बाई तुझ्याशी बोलतात अजून?"

"बोलतात."

मागं कुकरची शिट्टी झाली, तिनं गॅस बंद केल्याचं ऐकू आलं.

"मग मीही बोलीन," ती म्हणाली. "आज नाही. शनिवारी ये."